शाफाटाचा पुत्र अलीशा

बापाची जमीन मुलाच्या नांवावर चढविणें हें तलाठ्याचें काम आहे. अर्ज, साक्षीदार आणि थोडा धीर एवढें असलें म्हणजे तें होऊन जातें. परंतु देवाच्या लोकांस वाट दाखविण्याचें जें काम एखादा वडील मनुष्य आयुष्यभर करीत आला, तें त्याच्यामागें कोणाच्या नांवावर चढवावें, हा प्रश्न इतका सोपा नाहीं. प्रत्येक मंडळीपुढें तो केव्हां ना केव्हां येतोच. म्हणून ह्या वेळीं आम्ही वाचकांपुढें अशा एका पुरुषाचें चरित्र ठेवीत आहों कीं, ज्यानें हें ओझें आपल्या गुरूपासून घेतलें, पन्नासांहून अधिक वर्षें वाहिलें, आणि शेवटीं तें कोणा एकाच्या खांद्यावर न ठेवितां जो ह्या जगांतून गेला. त्याचें नांव अलीशा.

इब्री शास्त्रांत याजकपण अहरोनाच्या वंशांत चालत असे, आणि राजपणही सहसा बापाकडून मुलाकडे जात असे. संदेष्ट्याच्या कामाचें तसें नव्हतें. शिलो येथील एली याजकाचे पुत्र हफनी व फिनहास हे अर्पणाच्या मांसावर डोळा ठेवणारे निघाले. खुद्द शमुवेल संदेष्ट्याचे पुत्र योएल व अबीया ह्यांनीं बैर-शेबा येथें न्याय करितांना लांच घेतली. मोशेला दोन पुत्र होते. तरी त्याच्यामागें लोकांचा पुढारी झाला तो एफ्राइम वंशांतील यहोशवा, जो तरुणपणापासून मोशेच्या सेवेंत होता. मोशेनें सर्व मंडळीदेखत त्याच्यावर हात ठेविले. मात्र यहोशवानें आपल्यामागें कोणास नेमल्याचें शास्त्रांत आढळत नाहीं. आणि त्याच्या काळचे वडील जन निवर्तल्यावर लोक बआलाच्या नादीं लागले, असें शास्ते ह्या ग्रंथाच्या आरंभीं लिहिलें आहे. एकंदरींत हें ओझें रक्ताच्या नात्यानें पुढें जात नाहीं, आणि तें उचलणारा कोणी पुढें आला नाहीं तर लोकांचा घात होतो, हें इस्राएलानें वारंवार पाहिलें होतें.

अलीशाचा काळ म्हणजे ख्रिस्तापूर्वींचें नववें शतक व आठव्याचा आरंभ. शलमोन राजानंतर राज्याचे दोन भाग झाले होते. त्यांपैकीं उत्तरेकडील इस्राएल राज्यावर सुमारें ख्रि. पू. ८७४ पासून ८५३ पर्यंत अहाब राज्य करीत होता. त्याची राजधानी शोमरोन. त्याची राणी ईजबेल ही सीदोनी लोकांच्या राजाची कन्या असून तिनें बआलाच्या पूजेस राजाश्रय दिला व परमेश्वराच्या संदेष्ट्यांचा वध करविला. अशा वेळीं गिलाद प्रांतांतील तिश्बी एलीया हा एकटा पुरुष राजासमोर उभा राहिला. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांची त्यानें कशी फजिती केली, ही कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहे.

परंतु त्या विजयानंतर जें घडलें त्याकडे आपलें लक्ष कमी जातें. ईजबेलीनें जिवाची धमकी देतांच एलीया पळाला. बैर-शेबा येथें त्यानें आपल्या चाकरासही मागें ठेविलें, आणि एकटाच रानांत एक दिवसाची मजल जाऊन तेथील एका झुडुपाखालीं बसून मरण मागूं लागला. पुढें होरेब डोंगरावर त्यानें देवापुढें गाऱ्हाणें मांडलें कीं, आपण एकटेच काय ते उरलों आहों. त्यावर देवानें त्याला तीन कामें सांगितलीं. हजाएलाला अरामावर राजा म्हणून अभिषेक करावा, येहूला इस्राएलावर राजा म्हणून अभिषेक करावा, आणि आबेल-महोला येथील शाफाटाचा पुत्र अलीशा ह्याला आपल्या जागीं संदेष्टा म्हणून अभिषेक करावा. शिवाय बआलापुढें ज्यांनीं गुडघे टेकले नाहींत असे ७००० लोक इस्राएलांत आहेत, हेंही त्याला कळविलें. थकलेल्या व एकट्या पडलेल्या सेवकाच्या गाऱ्हाण्याला मिळालेल्या उत्तरांत एका तरुणाचें नांव होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आबेल-महोला हें गांव यार्देन नदीच्या खोऱ्यांत होतें. एलीया तेथें आला तेव्हां अलीशा शेतांत नांगरीत होता. बैलांच्या बारा जोड्या पुढें चालल्या होत्या व बाराव्या जोडीबरोबर तो स्वतः होता. ज्या घरांत नांगरास बारा जोड्या लागतात तें घर गरीब म्हणतां येणार नाहीं; आणि अशा घरचा मुलगा बांधावर उभा न राहतां सर्वांच्या मागून स्वतः नांगर धरून चालतो, ह्यावरून त्याचा स्वभावही कळतो. एलीयानें जवळून जातां जातां आपला झगा त्याच्या अंगावर टाकिला. भाषण केलें नाहीं, आश्वासन दिलें नाहीं, वेतन ठरविलें नाहीं. अलीशानें त्या खुणेचा अर्थ ओळखिला. तो बैल सोडून मागें धांवला, आणि आईबापांचा निरोप घेऊन येण्यापुरती त्यानें मोकळीक मागितली.

परत जाऊन त्यानें जें केलें तें शेतकऱ्यांस अधिक चांगलें समजेल. त्यानें आपल्या बैलांची जोडी कापिली, औताचीं लांकडें जाळून त्यांवर तें मांस शिजविलें, व लोकांस जेवूं घातलें. ज्याला परत येण्याची आशा असते तो बैल शेजाऱ्याकडे ठेवितो व औत वळचणीला लावितो. अलीशानें परतीची वाट ठेविली नाहीं. आणि हें त्यानें रडत किंवा रुसून केलें नाहीं. गांवाला जेवण घालून केलें. हें जेवण वाचकांनीं मनांत ठेवावें, कारण पुढें त्याच्या म्हातारपणीं बैल व शेतें ह्यांचा उल्लेख पुन्हां एकदां फार निराळ्या प्रसंगीं येणार आहे.

त्यानंतर तो एलीयाच्या मागें गेला व त्याची सेवा करूं लागला. ही सेवा किती वर्षें चालली तें शास्त्र सांगत नाहीं. पण एवढें दिसतें कीं, अहाब मेला, त्याचा पुत्र अहज्या राजा होऊन तोही मेला, तोंपर्यंत अलीशाच्या हातून एकही मोठें कृत्य झाल्याचा लेख नाहीं. पुढें मवाबाशीं लढाईच्या वेळीं तीन राजे पाण्यावांचून अडचणींत पडले, तेव्हां एका सरदारानें अलीशाची ओळख सांगितली ती इतकीच कीं, हा एलीयाच्या हातांवर पाणी घालीत असे. आपल्या घरांतही वडील माणसें जेवून उठलीं म्हणजे तांब्यानें त्यांच्या हातांवर पाणी घालणें हें घरांतल्या लहानाचें काम असतें. इस्राएलाच्या ह्या थोर संदेष्ट्याची शिकवणूक तशाच कामांत झाली, आणि लोकांत तो प्रथम त्याच कामावरून ओळखला जात होता.

एलीयाला वर घेतलें जाण्याचा दिवस आला. तो गिलगालाहून बेथेलास, बेथेलाहून यरीहोस आणि तेथून यार्देनेकडे निघाला. प्रत्येक मुक्कामीं त्यानें अलीशास मागें राहण्यास सांगितलें, आणि तिन्ही वेळां अलीशानें शपथ वाहून सोबत सोडण्याचें नाकारिलें. बेथेल व यरीहो येथील संदेष्ट्यांच्या शिष्यांनीं त्याला त्याचा धनी आज जाणार हें सांगून पाहिलें. त्यानें त्यांस गप्प राहण्यास सांगितलें. पन्नास शिष्य दूर उभे राहून पाहत होते. नदीपर्यंत व नदीपार मात्र एकच जण गेला. एलीयानें आपला झगा गुंडाळून पाण्यावर मारिला, पाणी दुभंगलें, व दोघे कोरड्या भूमीवरून पार गेले.

तेथें एलीयानें विचारिलें कीं, मी जाण्यापूर्वीं तुझ्यासाठीं काय करूं? अलीशानें त्याच्या आत्म्याचा दुप्पट वांटा मागितला. पुष्कळ लोक समजतात कीं, त्यानें आपल्या गुरूच्या दुप्पट सामर्थ्य मागितलें. पण ह्या शब्दांचा अर्थ अनुवाद ग्रंथाच्या २१ व्या अध्यायांतील वारसाच्या नियमावरून कळतो. बापाच्या मिळकतीची वांटणी होतांना ज्येष्ठ पुत्राला इतर भावांच्या दुप्पट भाग द्यावा, असा तो नियम आहे. अलीशा गुरूहून मोठा होऊं पाहत नव्हता. थोरल्या मुलाप्रमाणें आपणांस वारस मानावें, एवढेंच त्याचें मागणें होतें. एलीयाला घर, शेत किंवा धन कांहीं नव्हतें. ज्याचा वांटा मागावा असें त्याच्यापाशीं एकच होतें.

एलीयाचें उत्तर फार महत्त्वाचें आहे. त्यानें सांगितलें कीं हें मागणें अवघड आहे, आणि तें पुरें होणें ह्यावर अवलंबून आहे कीं, मी नेला जात असतां तूं मला पाहावें. म्हणजे आपला आत्मा वांटून देण्याचा अधिकार आपणांस नाहीं, हें त्या थोर पुरुषानें कबूल केलें. शिष्यास जवळ येऊं देणें त्याच्या हातीं होतें. देणें देवाच्या हातीं होतें.

मग अग्नीचा रथ व अग्नीचे घोडे त्या दोघांच्या मध्यें आले आणि एलीया वावटळींतून स्वर्गास गेला. अलीशानें तें पाहिलें. बापाला हांक मारावी तशी त्यानें हांक मारिली, आपलीं वस्त्रें फाडून त्यांचे दोन तुकडे केले, आणि एलीयाच्या अंगावरून पडलेला झगा उचलिला. नदीकांठीं परत येऊन त्यानें तो पाण्यावर मारिला, आणि एलीयाचा देव परमेश्वर कोठें आहे असें विचारिलें. एलीया कोठें आहे असें त्यानें विचारिलें नाहीं. पाणी पुन्हां दुभंगलें. यरीहोच्या शिष्यांनीं त्याला ओळखून नमन केलें. तरीही एलीया कोठें डोंगरावर किंवा दरींत पडला असेल म्हणून शोध करण्याचा त्यांनीं इतका आग्रह धरिला कीं अलीशाला रुकार द्यावा लागला. पन्नास माणसें तीन दिवस शोधून रिकाम्या हातांनीं परत आलीं. नवा सेवक समोर उभा असतां जुन्याचा शोध करीत फिरणें ही लोकांची जुनीच रीत आहे.

त्यानंतरच्या अलीशाच्या कामाचें सविस्तर वर्णन येथें करण्यास जागा नाहीं. एलीया रानांतला मनुष्य होता. अलीशा लोकांत राहिला. सावकार आपले दोन मुलगे गुलाम करून नेईल म्हणून रडत आलेल्या विधवेचें कर्ज त्यानें तिच्या घरांतल्या एका कुपीभर तेलांतून फेडविलें. शूनेम येथील एका बाईनें त्याच्यासाठीं आपल्या घरावर लहानशी खोली बांधून तींत खाट, मेज, बसावयास आसन व दिवा ठेविला होता. तेथें तो येतां जातां उतरत असे. दुष्काळांत जवाच्या वीस भाकरींनीं त्यानें शंभर माणसांस जेवूं घातलें. शिष्यांची संख्या इतकी वाढली कीं राहण्याची जागा अपुरी पडली, आणि तेव्हां तो त्यांच्याबरोबर लांकडें तोडावयास यार्देनेवर गेला.

होरेबावर एलीयाला सांगितलेल्या तीन कामांपैकीं त्याच्या स्वतःच्या हातून एकच झालें होतें, व तें म्हणजे अलीशाला बोलाविणें. राहिलेलीं दोन अलीशानें केलीं. दिमिष्क येथें त्यानें हजाएलाला तो राजा होणार असें सांगितलें, आणि त्याच्या हातून इस्राएलावर जीं संकटें येणार तीं दिसून तो रडला. येहूच्या अभिषेकासाठीं तो स्वतः गेला नाहीं. एका तरुण शिष्याला तेलाची कुपी देऊन त्यानें रामोथ-गिलाद येथें पाठविलें. हीं कामें गोड नव्हतीं. येहूनें इज्रेल येथें केलेल्या रक्तपाताचा दोष पुढें होशेयाच्या ग्रंथांत त्याच्या घराण्यास लाविला आहे. ह्या सर्व राजांच्या खुणा भूमींतूनही निघाल्या आहेत. मवाबाचा राजा मेशा ह्याचा शिलालेख १८६८ सालीं दीबोन येथें सांपडला. १८४६ सालीं सांपडलेल्या अश्शूरच्या काळ्या स्तंभावर येहूच्या खंडणीचें चित्र कोरलें आहे, व ती खंडणी ख्रि. पू. ८४१ मधील आहे. १९९३ सालीं तेल दान येथें एका अरामी राजाचा लेख निघाला. बहुतेक पंडितांच्या मतें तो राजा हजाएलच होय.

एक मनुष्य आपलें काम अपुरें ठेवून जातो व दुसरा तें पुरें करितो, ही ह्या चरित्राची उजळ बाजू झाली. आतां दुसरी बाजू सांगितली पाहिजे.

अलीशा जसा एलीयाच्या सेवेंत होता, तसाच गेहजी अलीशाच्या सेवेंत होता. तो सदा जवळ असे, आल्यागेल्याची विचारपूस तोच करी, आणि धन्याचीं कृत्यें त्यानें डोळ्यांनीं पाहिलीं होतीं. कोणासही वाटावें कीं पुढचा वारस हाच. शूनेमच्या बाईचा मुलगा मेला तेव्हां अलीशानें आपली काठी गेहजीच्या हातीं देऊन ती मुलाच्या तोंडावर ठेवण्यास त्याला पुढें पाठविलें. त्यानें तसें केलें; परंतु शब्द नाहीं कीं हालचाल नाहीं. त्या आईला जणूं हें अगोदरच कळलें होतें. काठीबरोबर न जातां तिनें अलीशालाच धरून ठेविलें होतें. मग अलीशा स्वतः आला, दार लावून त्यानें प्रार्थना केली, व मुलगा उठला. एका काळीं एलीयाच्या झग्यानें अलीशाच्या हातीं नदी दुभंगली होती. गेहजीच्या हातीं अलीशाची काठी केवळ लांकूड राहिली.

पुढें अरामाचा सेनापति नामान आपला कोड बरा व्हावा म्हणून आला. अलीशाच्या सांगण्यावरून त्यानें यार्देनेंत सात वेळां बुड्या मारिल्या व तो शुद्ध झाला. त्यानें १० किक्कार रुपें, ६००० शेकेल सोनें व १० पोषाख बरोबर आणिले होते. अलीशानें कांहीं एक घेतलें नाहीं. परंतु गेहजीच्या मनांतून तें धन जाईना. तो नामानाच्या मागें धांवला, आणि एफ्राइमाच्या डोंगराळ प्रदेशांतून दोन गरीब शिष्य आले आहेत अशी खोटी कथा सांगून त्यानें धन्याच्या नांवानें मागणें केलें. नामानानें दोन किक्कार रुपें व दोन पोषाख दिले. दोन किक्कार म्हणजे सुमारें ६८ किलो. तें वाहावयास दोन चाकर लागले. गेहजीनें तें घरांत लपविलें व कांहीं न घडल्यासारखा तो धन्यापुढें येऊन उभा राहिला.

अलीशानें त्याला जो जाब विचारिला त्यांत जैतुनाचे मळे, द्राक्षांचे मळे, मेंढरें, बैल व दासदासी ह्यांचा उल्लेख आहे. आमच्या मतें सर्व चरित्राचें मर्म येथें आहे. हा प्रश्न विचारणाऱ्यानें आपल्या तरुणपणीं बैल कापून औत जाळिलें होतें. जें सोडून अलीशा ह्या कामांत आला, तेंच मिळविण्यासाठीं गेहजी ह्या कामाचा उपयोग करूं लागला. दोघेही गुरूच्या तितकेच जवळ राहिले होते. पण एकानें आरंभींच निरोप घेतला होता व दुसऱ्यानें तो कधीं घेतलाच नव्हता. नामानाचा कोड गेहजीच्या अंगावर आला. त्यापुढें ग्रंथांत तो एकदांच दिसतो, तो राजाच्या पुढें अलीशाचीं थोर कृत्यें वर्णन करितांना. धन्याच्या गोष्टी सांगणें त्याला साधलें. धन्याचें काम त्याच्याकडे आलें नाहीं.

ह्या प्रसंगामुळें अलीशाला किती दुःख झालें असेल तें लिहिलेलें नाहीं. त्यानें शिष्य घेण्याचें सोडिलें नाहीं, हें मात्र दिसतें. दोथान येथें अरामी सैन्यानें गांवाला वेढा दिला तेव्हां त्याच्याबरोबर एक चाकर होता. त्याचे डोळे उघडावे म्हणून अलीशानें प्रार्थना केली, आणि त्याला अग्नीच्या रथांनीं भरलेला डोंगर दिसला. येहूकडे गेलेला तरुणही असाच बिननांवाचा आहे.

येहूच्या अभिषेकानंतर सुमारें ४० वर्षें ग्रंथ अलीशाविषयीं मुका आहे. मग येहूचा नातू योआश राज्य करीत असतां, म्हणजे ख्रि. पू. ७९८ च्या पुढें, तो मरणाच्या दुखण्यानें पडलेला आपणांस दिसतो. राजा स्वतः येऊन त्याच्या तोंडावर ओणवून रडला, आणि एलीया जातांना अलीशानें जी हांक मारिली होती तीच त्यानें मारिली. म्हाताऱ्यानें राजाच्या हातांवर आपले हात ठेवून पूर्वेकडील खिडकींतून बाण सोडविला. मग बाणांनीं जमिनीवर मारण्यास सांगितलें. राजानें तीन वेळां मारून हात आवरिला. पांच सहा वेळां कां मारिलें नाहीं म्हणून अलीशा संतापला. मरतांना सुद्धां पुढच्या माणसाचा उत्साह किती आहे, इकडेच त्याचें लक्ष होतें. त्यानंतर तो मेला व त्याला पुरलें. झग्याचा उल्लेख यार्देन ओलांडल्यानंतर पुन्हां कोठेंही येत नाहीं.

मग देवाचें काम थांबलें काय? नाहीं. योआशाचा पुत्र दुसरा यराबाम ह्याच्या काळांत गथ-हेफेर येथील अमित्तयाचा पुत्र योना, नंतर आमोस व होशेय उठले. त्यांतील आमोस हा दक्षिणेकडील तकोवा गांवचा, गुरें राखणारा व उंबराच्या फळांची निगा करणारा मनुष्य. आपण संदेष्टा किंवा संदेष्ट्याचा शिष्य नव्हतों असें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. देवानें पुन्हां शेतारानांतूनच मनुष्य उचलिला. तरी लोकांनीं ऐकिलें नाहीं, आणि ख्रि. पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन अश्शूराच्या हातीं पडलें.

वाचकहो, ह्या चरित्रापासून वडिलांनीं, तरुणांनीं व मंडळ्यांनीं काय घ्यावें? वडिलांनीं हें कीं, आपण एकटेच उरलों अशी कुरकुर करीत झुडुपाखालीं बसूं नये. ज्या शेतांत कोणी इमानानें बाराव्या जोडीमागें चालत आहे तिकडे जावें, त्याला बरोबर घ्यावें, आणि आपण जिवंत असतांच त्याच्या हातीं तेलाची कुपी देऊन त्याला कामावर पाठवावें. त्यांतून एखादा गेहजी निघाला तरी शिकविणें सोडूं नये. तरुणांनीं हें कीं, झग्याची वाट पाहण्यापेक्षां हातांवर पाणी घालण्यास शिकावें, आणि नांगर सोडला तो मागें वळून न पाहण्यासाठीं सोडला आहे काय हें स्वतःस विचारावें. मंडळ्यांनीं हें कीं, गेलेल्या वडिलांचा आदर अवश्य करावा, पण तीन दिवस डोंगर धुंडाळीत बसूं नये. जो सेवक नदी ओलांडून समोर आला आहे त्याला ओळखावें, त्याच्यासाठीं घरावर एक लहान खोली व दिवा ठेवावा, आणि एलीयाचा देव अजून आहे ह्याविषयीं निःशंक असावें.